मदत हवी आहे: एलिसची शेपूट सुटते, आधी काय बदलू?

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये माझ्याकडे जुनी लोटस एलिस १११आर ही छोटी स्पोर्ट्स कार आहे. वजन जेमतेम ८६० किलो, पाठीमागे टोयोटाचं १.८ लिटरचं १८९ बीएचपी इंजिन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त २३०० मिमी. हिवाळ्यात कडक स्प्रिंग आणि ॲडजस्टेबल डँपर (शॉक ॲब्झॉर्बर) टाकले, गाडी थोडी खालीही घेतली, आणि तेव्हापासून ती माझं ऐकेना.

ब्रँड्स हॅचच्या रेस ट्रॅकला पॅडक हिल बेंड या वळणावर रस्ता वळता वळताच खाली कोसळतो. तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की मागची बाजू सुटते. लांब गाडी निदान इशारा तरी देते, ही थेट भिंगरी! गेल्या खेपेला दीड गिरकी घेऊन गवतात उभा होतो. उलट त्याच ट्रॅकवरच्या ड्रुइड्सच्या हळू वळणात पुढची चाकं बाहेर घसरतात.

पिटमध्ये टायर मोजले: पुढच्याची बाहेरची कड आतल्यापेक्षा १२ अंशांनी गरम. म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) कमी पडतोय, एवढं कळतं. पण गाडी खाली घेतल्यावर गॅरेजवाल्याने मागचा टो-इन (वरून पाहता चाकांची पुढची टोकं किती आत वळलीत ते) पुन्हा मोजलाच नाही. माझा खरा संशय तिथेच आहे.

एका वेळी एकच बदल करायचा, हे मान्य. पण सुरुवात मागच्या टोपासून करू, की मागच्या डँपरचा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उलगडताना होणारा विरोध) दोन क्लिक सैल करू? पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) कडक केला तर शेपूट शांत होईल, पण ड्रुइड्सला आणखी वाट लागेल. मागे बार नाहीच.

अशी मिड-इंजिन (सीटमागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे इंजिन असलेली) गाडी ट्रॅकवर पळवलेल्यांनी आपले आकडे सांगा. कॉर्नर वेट (चारही चाकांवरचं वजन मोजून जुळवणं) अजून केलेलं नाही, त्यावरून ओरडू नका.