एमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ : तुमचे अनुभव लिहा

ब्रिटिश गायिका एमीचा पहिला अल्बम ‘फ्रँक’ (२००३) जॅझकडे झुकलेला. दुसरा, ‘बॅक टू ब्लॅक’, ऑक्टोबर २००६ मध्ये आला आणि त्यात ती साठच्या दशकातल्या सोलकडे, मोटाउनकडे (कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांनी गाजवलेल्या शैलींकडे) वळली. जेमतेम पस्तीस मिनिटांचा ऐवज, पण मला तो आवाज अजून सोडत नाही. समीक्षा नको, या गाण्यांशी तुमचं काय नातं जुळलं ते लिहा.

ठाणे :
मी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो. शीर्षकगीत आधी फक्त ठेक्यासाठी ऐकलं. निर्माता मार्क रॉन्सनने ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॅप्टोन स्टुडिओत डॅप-किंग्ज या बँडकडून वाजवून घेतलंय. मध्येच सगळा बँड जवळजवळ थांबतो, ती ‘ब्लॅक’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणते, मग ठेका परत येतो. वाजवायला सोपी जागा, पेलायला महाकठीण. नवी पोरं तिथे हमखास घाई करतात.

पुणे :
सुगम संगीत शिकते. एमी शब्द जरा रेंगाळत मागे ठेवते, पण समेवर बरोबर येते. ‘टिअर्स ड्राय ऑन देअर ओन’ आधी संथ होतं. ते रूप तिच्या निधनानंतर आलेल्या ‘लायनेस’ या संग्रहात आहे. ‘बॅक टू ब्लॅक’मध्ये मात्र ते ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ या जुन्या मोटाउन गाण्याच्या कॉर्ड्सवर, चढ्या लयीत येतं. दोन्ही लागोपाठ ऐका. दुःख तेच, पण चढ्या लयीतली बाई डोळे पुसून कामाला लागलेली असते. मला तीच जास्त अस्वस्थ करते.

सांगली :
‘यू नो आय एम नो गुड’मधला सॅक्सोफोन! बाकी काही लिहायचं नाही.

नाशिक :
‘रिहॅब’ मला ऐकवत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात जायला ती त्यात ठाम नकार देते. धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेला. व्यसनमुक्ती केंद्रात चल म्हटलं की हसत हसत नाही म्हणायचा, आणि वडीलधारे म्हणायचे, काही झालेलं नाही त्याला. पार्टीत हे गाणं लागलं की लोक नाचतात, मी बाहेर जाते. तिच्यावर राग नाही. तिने खोटं काही गायलेलं नाही, आणि २७व्या वर्षी गेली हो पोर. ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’ मात्र पुष्कळदा ऐकते.

लंडन :
फेब्रुवारी २००८ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले, तेव्हा ती इथूनच उपग्रहाद्वारे गायली होती. नाव पुकारल्यावर तिचा चेहरा क्षणभर कोरा पडतो, मग ती आईला मिठी मारते. ते चित्रीकरण जरूर बघा. जुलै २०११ मध्ये ती गेल्यावर मी कॅम्डन स्क्वेअरला गेलो होतो. तिथल्या तिच्या घरासमोर फुलांबरोबर लोकांनी दारूच्या बाटल्या आणि सिगारेटीही ठेवल्या होत्या. प्रेमानेच ठेवल्या असतील, पण मला ते अजिबात पटलं नाही. नाशिकच्या ताई, बाहेर निघून जाता ते अगदी बरोबर करता. भाऊ कसा आहे आता?