धाकटा भाऊ हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून चालला आहे. जमिनीवरचे काम नेमके कसे असते?

प्रश्न: पूर्वभागकर, सोलापूर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण करून अग्निवीर वायू म्हणून निवडला गेला आहे आणि पुढच्या महिन्यात त्याला बेळगावजवळ सांबऱ्याला प्रशिक्षणासाठी हजर व्हायचे आहे. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. वडील गेली तीस वर्षे अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून ते चालते ठेवणे हे त्यांचे काम. भावाला लढाऊ विमानांच्या देखभालीचा ट्रेड मिळावा अशी त्याची मनापासून इच्छा आहे. परवा घरी जमलेल्या नातेवाइकांपैकी एकाने मात्र "म्हणजे विमान उडवायचे नाही, नुसते पुसायचे" असे बोलून दाखवले. ते वडिलांच्या फार जिव्हारी लागले, कारण आयुष्यभर त्यांनीही दुसऱ्यांनी चालवायची यंत्रेच सांभाळली आहेत.

या क्षेत्रातून निवृत्त झालेल्या सदस्यांना माझे विचारणे असे आहे की विमान उड्डाणासाठी तयार करताना जमिनीवरची माणसे प्रत्यक्षात काय काय करतात, त्यात धोका कुठे असतो, आणि जाण्यापूर्वीच्या या महिनाभरात भावाने कोणती सवय अंगी बाणवून घ्यावी? वरवरचे कौतुक नको आहे. वडिलांना वाचून दाखवता येईल असे नीट लिहावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त वॉरंट ऑफिसर, विजापूर रस्ता

मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ, म्हणून हवाई दलात गेलो आणि वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन आता सोलापुरातच राहतो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. जॉबरचे आणि आमचे काम एकाच जातीचे आहे. फरक इतकाच की धागा तुटला तर माग जागेवर थांबतो आणि माणूस तिथे जाऊन गाठ मारू शकतो. विमानाच्या बाबतीत ती सोय नसते.

देखभाल तीन पातळ्यांवर चालते. स्क्वाड्रनच्या फ्लाइट लाइनवर, म्हणजे उड्डाणासाठी विमाने उभी असतात त्या जागी, रोजची तपासणी होते, उड्डाणाचे ठरावीक तास भरले की विमान हँगरमध्ये घेऊन अधिक खोलवर तपासतात, आणि संपूर्ण उघडून पुन्हा बांधण्याचे काम डेपोत होते. ओझरचा ११ बेस रिपेअर डेपो हे त्याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण आहे, आणि हा सगळा व्याप पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. नवा मुलगा बहुधा फ्लाइट लाइनवर किंवा हँगरमध्ये लागतो, म्हणून फ्लाइट लाइनवरच्या दिवसाचेच सविस्तर सांगतो.

पहाटेचे उड्डाण असेल तर आमचा दिवस अंधारातच सुरू होतो. इंजिनाच्या हवेच्या तोंडावरची झाकणे, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरचे आवरण, चाकांच्या आणि शस्त्रांच्या जागी लावलेल्या लाल पट्ट्यांच्या पिना, हे सगळे कुठे किती आहे ते पाठ असावे लागते, कारण काढलेली प्रत्येक वस्तू मोजून ठेवायची असते. त्यानंतर विमानाभोवती एक फेरी, नेहमी त्याच दिशेने आणि त्याच क्रमाने. टायरच्या रबरातून आतले धागे दिसतात का, चाकाच्या दांड्यावर लालसर हायड्रॉलिक तेलाचा ओघळ आहे का, बाह्य पत्र्यावरचा एखादा स्क्रू वर आला आहे का, हे डोळ्यांनी तर पाहायचेच, पण बोटांनीही पाहायचे. हवेच्या तोंडातून आत शिरून इंजिनाची पुढची पाती तपासायची असतील तर आत जाणारा माणूस घड्याळ, पेन, नाणी सगळे बाहेर काढून ठेवतो, आणि मग टॉर्च घेऊन प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवतो. तांदळाच्या दाण्याएवढा खवला नजरेतून सुटतो, नखाला मात्र तो लागतो.

इंधन भरताना आधी विमान आणि टँकर जमिनीशी तारेने जोडतात, कारण वाहत्या इंधनामुळे स्थिर वीज साठते. इंधनाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन तळाशी पाणी बसले आहे का ते पाहतात आणि पाणी असल्यास रंग बदलणाऱ्या कुपीने पुन्हा खात्री करतात. सुखोई-३० मध्ये सुमारे साडेनऊ टन इंधन मावते, म्हणजे एका विमानाच्या पोटात एक टँकर रिकामा होतो असे समजा. आणि त्यातले बरणीभर इंधन उजेडात धरून पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

शेवटी येतो फॉर्म ७००, म्हणजे त्या विमानावरच्या कामांची नोंद ठेवणारा कागद. एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, शस्त्रे, अशा प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापल्या कामाखाली सही करतो, आणि त्या सगळ्या सह्या पाहून वैमानिक विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. अनेकदा तो वैमानिक पंचविशीतला असतो आणि सही करणाऱ्या वीसेक वर्षांच्या मुलाशी त्याचे जेमतेम चार शब्द झालेले असतात. तरी तो शिडी चढून आत बसतो. पुसायचे काम म्हणणाऱ्या पाहुण्यांना ही सही कधीतरी दाखवायला हवी. खरे तर पुसतोही आम्हीच, कारण स्वच्छ पत्र्यावर गळतीचा पहिला थेंब दिसतो आणि मळक्या पत्र्यावर तो दिसत नाही.

सवयीविषयी विचारले आहे, तर माझ्यावर ओढवलेला एक प्रसंग लिहितो. मी तेव्हा कॉर्पोरल होतो. उत्तरेकडच्या एका तळावर, थंडीच्या दिवसांत, रात्रीचे काम संपवून हत्यारे परत फळीवर लावत होतो. या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे काय कमी आहे ते एका नजरेत कळते. माझ्या फळीवर लहान तपासणी-आरशाची जागा रिकामी होती. पहाटेच्या उड्डाणाला तीन तास उरले होते. तो आरसा हँगरच्या जमिनीवर कुठेतरी पडला असेल, सकाळी झाडताना सापडेल, असे मी स्वतःला दहा-पंधरा मिनिटे समजावत राहिलो आणि गुडघ्यावर बसून विमानाखालची जमीन पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो. मग सार्जंटकडे जाऊन सांगितले. विमान तत्काळ उड्डाणातून काढले गेले, फॉर्ममध्ये लाल शाईने नोंद झाली, सहा जणांनी विमानाच्या बाह्य पत्र्यावरची झाकणे, म्हणजे पटले, उघडली, आणि पहाटे आरसा मिळाला तो चाकाच्या कप्प्यात, हायड्रॉलिक नळीच्या मागे. चाक वर येऊन बसते त्या जागी. माझी चौकशी झाली, नोंदही झाली, पण सांगायला आलो म्हणून कोणी आवाज चढवला नाही, आणि त्या दिवसाचे वैमानिक दुपारी स्वतः हँगरमध्ये येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. ती दहा-पंधरा मिनिटे मला आजही खुपतात. आपल्या भावाने एवढेच शिकून जावे की हत्यार हरवले किंवा चूक झाली तर पहिल्याच मिनिटाला सांगायचे.

धोक्याचेही लिहितो. चालू इंजिनाच्या पुढे माणूस आत ओढला जाऊ शकतो आणि मागे भाजला जाऊ शकतो. कानांचे संरक्षण न वापरणाऱ्यांना पुढे ऐकू कमी येते. माझ्या बरोबरीच्या काही जणांना आज फोनवरचे नीट कळत नाही. नुकत्याच उतरलेल्या विमानाची ब्रेक तापलेली असतील तर चाकाकडे बाजूने कधीही जायचे नाही, पुढून किंवा मागून जायचे, कारण चाक फुटलेच तर त्याचे तुकडे बाजूला उडतात. उन्हाळ्यात राजस्थानच्या तळांवर विमानाच्या पत्र्याला उघडा हात लावता येत नाही. अर्थात सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या मुलाला उन्हाचे मी काय सांगावे.

उत्तर: माजी वेपन फिटर, बार्शी

वरच्या उत्तरात शस्त्रांचा भाग राहिला आहे, तो माझ्या ट्रेडचा असल्यामुळे लिहितो. पंखाखालच्या पायलनवर, म्हणजे शस्त्र टांगण्याच्या आधारावर, बॉम्ब किंवा क्षेपणास्त्र चढवणे हे केवळ ताकदीचे काम नाही. शस्त्र सोडणारी स्फोटक काडतुसे बसवण्याआधी त्या जोडणीत कुठून भटकी वीज येत नाही ना, हे मीटरने तपासावे लागते. ती तपासणी वगळली तर जमिनीवरच अनर्थ होऊ शकतो. सुरक्षेच्या शेवटच्या पिना धावपट्टीच्या तोंडाशी, इंजिन चालू असताना काढतात. आम्ही विमानाखाली वाकलेलो असतो तेव्हा वैमानिक दोन्ही हात वर, काचेच्या कडेला आम्हाला दिसतील असे धरून ठेवतो, म्हणजे त्याचा हात कोणत्याही बटणावर नाही याची आम्हाला खात्री पटते. बाहेर आल्यावर काढलेल्या पिना एकत्र उंच धरून, पट्ट्या पसरून त्याला दाखवायच्या. तो डोळ्यांनी मोजतो, मान हलवतो, आणि मग विमान पुढे सरकते. इतक्या गोंगाटात शब्द निरुपयोगी असतात, म्हणून सगळा विश्वास हातांच्या खुणांवर चालतो.

ओआरपीवरची, म्हणजे तातडीच्या उड्डाणासाठी सज्ज राहण्याच्या जागेवरची, ड्यूटीही तुमच्या भावाला कधीतरी लागेल. तिथे विमान शस्त्रसज्ज उभे असते, वैमानिक पूर्ण पोशाखात बसलेला असतो आणि जमिनीवरची तुकडीही त्याच्याबरोबर तयार असते. भोंगा वाजला की काही मिनिटांत विमान हवेत गेले पाहिजे. तासन्तास काहीच घडत नाही, आणि तरीही बुटाची नाडी सैल ठेवून चालत नाही.

युद्धात या कामाचे मोल काय, असे कोणी विचारले तर कारगिलचे उदाहरण द्यावे. २६ मे १९९९ रोजी ऑपरेशन सफेद सागर ही हवाई दलाची मोहीम सुरू झाली आणि पहिल्या तीन दिवसांत एक मिग-२१, एक मिग-२७ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आपण गमावले. त्यानंतर मिराज-२००० वर मोठी जबाबदारी आली. या विमानांवर लक्ष्य शोधून त्यावर लेझर धरणारे लायटनिंग पॉड आणि लेझरच्या साहाय्याने नेम धरणारे हजार पौंडी बॉम्ब जोडून, तपासून ते वापरायोग्य करण्याचे काम आपल्या अभियंत्यांनी आणि तंत्रज्ञांनी अत्यंत कमी दिवसांत पार पाडले, आणि २४ जून रोजी टायगर हिलवर त्यांचा वापर झाला. १९७१ च्या डिसेंबरात भूजची धावपट्टी बॉम्बहल्ल्यात उखडली गेली तेव्हा माधापर गावच्या सुमारे तीनशे स्त्रियांनी ७२ तासांत ती पुन्हा वापरण्याजोगी केली. तळाचे प्रमुख तेव्हा स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक होते. त्या स्त्रिया गणवेशातल्या नव्हत्या, पण धावपट्टीच नसेल तर विमान आणि वैमानिक दोन्ही असून काय उपयोग?

उत्तर: तंत्रनिकेतनातील अध्यापक

मी हवाई दलात नव्हतो, डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. सवयीविषयी एक गोष्ट जोडावीशी वाटते, ती म्हणजे कळलेले लिहून ठेवणे.

२३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावरून उड्डाण करताना अमेरिकेचे बी-२ जातीचे बॉम्बफेकी विमान कोसळले; दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेल्यामुळे वाचले. कारण शोधल्यावर असे आढळले की हवेचा दाब मोजणाऱ्या काही सेन्सरांत दमट हवेमुळे ओल शिरली होती. ती ओल तशीच असताना सेन्सरांचे मोजमाप जुळवले गेले आणि पुढे ओल सुकल्यावर संगणकाला वेग व कोन चुकीचे मिळू लागले. सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी की जुळवणीपूर्वी सेन्सर तापवून ओल घालवावी हा उपाय काही तंत्रज्ञांना आधीपासून माहीत होता. तो कार्यपद्धतीत लिहिला गेला नव्हता आणि म्हणून सर्वांपर्यंत पोहोचला नाही. आपल्याकडचे उत्तम कारागीरही बहुतेक ज्ञान हातात ठेवतात, कागदावर ठेवत नाहीत. पूर्वभागकर, आपल्या वडिलांना मागाच्या आवाजावरून कोणता बिघाड ओळखता येतो हे भावाने या महिन्यात त्यांच्याजवळ बसून एका वहीत उतरवून घ्यावे. वडिलांचे ज्ञान टिकेल, आणि मुलाला ऐकलेले नेमक्या शब्दांत नोंदवण्याचा सराव होईल. फॉर्म ७०० मध्येही शेवटी तेच करायचे असते.

बारीकसारीक वस्तूंविषयी म्हणाल तर २५ जुलै २००० चा पॅरिसचा कॉन्कॉर्ड अपघात त्याला अवश्य वाचायला सांगा. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीने टायर फाटला आणि पुढे ११३ माणसे गेली. सकाळी रांगेने धावपट्टीवरून चालत खडे आणि खिळे वेचणारे सैनिक का दिसतात, ते त्यावरून समजते.

पूर्वभागकर, सोलापूर

तिघांचेही मनापासून आभार. रात्री जेवणानंतर तिन्ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. आरशाचा प्रसंग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि वहीचे काम आजपासूनच सुरू करू म्हणाले. एक लहान शंका राहिली आहे. जाण्याआधी आई भावाला सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेऊन त्याच्या मनगटाला दोरा बांधणार आहे, शिवाय आजीने दिलेली अंगठी त्याच्या बोटात असते. कामावर हे चालते का?

निवृत्त वॉरंट ऑफिसर, विजापूर रस्ता

विमानावर काम करताना अंगठी अजिबात चालत नाही. शिडीवरून उडी मारताना अंगठी पटलाच्या कडेत अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, आणि विजेच्या जोडणीला धातू टेकला तर भाजते ते वेगळेच. अंगठी घरीच ठेवावी. सैल दोराही अडकतो किंवा तुटून आत पडतो, म्हणून तोही काढावा लागेल. आईंना वाईट वाटू नये यासाठी दोरा बांधून घ्यावा, पोहोचल्यावर सोडून पाकिटात ठेवावा आणि पाकीट लॉकरमध्ये. माझ्या आईने दिलेला दोरा अशाच रीतीने सगळी नोकरी माझ्या लॉकरमध्ये राहिला.