असेंबल्ड पीसी विकलेला चालतो, मग हॅकिन्टॉश विकणं गुन्हा कसा?

टिळकरोडवाला
बावीस वर्षं मशीन असेंबल करतोय. एरंडवण्यातला एक लग्नाचे अल्बम करणारा गिऱ्हाईक आला, म्हणाला, "मॅकच हवा, पण तेवढं बजेट नाही." इंटेलचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ओपनकोर (साध्या पीसीवर ॲपलची सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) टाकून वर ॲपलची मॅकओएस. यालाच हॅकिन्टॉश म्हणतात. दोन दिवस खपून चालू केलं, व्हिडिओ रेंडर करून पाहिला, मस्त चाललं. पण मशीन अजून दुकानातच आहे. मुलगी लॉ करते, ती म्हणाली, "बाबा, हे विकू नका."

मला पटत नाही. प्रत्येक पार्ट बिलाने घेतलाय, जीएसटी भरलाय. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला आणि पुढच्याच वर्षी कॉम्पॅक कंपनीने त्याचा क्लोन (तेच प्रोग्रॅम चालवणारं दुसऱ्या कंपनीचं मशीन) जाहीर केला. तो क्लोन झाला नसता तर तापकीर गल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार काय नि आमचं दुकान काय, काहीच उभं राहिलं नसतं. तेव्हा चाललं ते आता चोरी कसं?

अक्षरजुळणी
काका, कॉम्पॅकचं उदाहरण इथे बसतच नाही. आयबीएमने बायोसचा (मशीन सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) कोड मॅन्युअलमध्ये छापला होता, पण कॉपीराइट त्यांचाच होता. कॉम्पॅकने एका गटाला बायोस काय काम करतो एवढंच लिहून काढायला लावलं, आणि ज्यांनी तो कोड कधी पाहिलाच नव्हता अशांकडून नवा बायोस लिहून घेतला. पुढे फीनिक्स कंपनीनेही तसाच स्वतंत्र बायोस तयार करून बाकीच्या कंपन्यांना विकला.

याउलट फ्रँकलिन कंपनी. त्यांनी ॲपलच्या 'ॲपल टू' मशीनचे प्रोग्रॅम सरळ उतरवले. त्यांच्या मशीनमध्ये 'ॲपलसॉफ्ट' हा शब्दसुद्धा जसाच्या तसा सापडला! १९८३ मध्ये अपिलात ॲपल जिंकलं. तुम्ही यातली एक ओळ तरी स्वतः लिहिलीत का? मग तुम्ही कॉम्पॅक नाही, फ्रँकलिन.

टिळकरोडवाला
पण मी कुठे काय उतरवलं? सिस्टिम ॲपलच्याच सर्व्हरवरून डाउनलोड केली. २०१३ पासून ते ती फुकट देतात.

अक्षरजुळणी
फुकट आहे, पण अट घालून: फक्त ॲपलच्या मशीनवर. सायस्टार नावाची फ्लोरिडातली कंपनी २००८ मध्ये हेच करत होती, आणि ते तर सिस्टिमची विकत घेतलेली प्रत गिऱ्हाइकाला देत होते. तरी २००९ मध्ये कोर्टात हरले, २०११ मध्ये अपीलही गेलं. कारण एका मशीनवर तयार केलेली मास्टर कॉपी ते बाकी सगळ्या मशीनवर उतरवायचे. दुसरं गिऱ्हाईक आलं की तुमच्याकडून काय वेगळं होणार आहे?

शिवाय मॅकओएसच्या आत 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' नावाचीच फाइल आहे. त्यातले फाइंडर, डॉक हे प्रोग्रॅम कुलूपबंद असतात. त्याची किल्ली बाहेरून पुरवल्याशिवाय तुमचं मशीन सुरूच होत नाही. ती किल्ली पुरवताना आपण काय करतोय हे कळतंच की.

पेठेतला_पेंग्विन
अमेरिकेतला निकाल पुण्याला बांधील नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा बघा. कलम ५२ मध्ये कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला ती वापरण्यासाठी कॉपी करायची मुभा आहे. २०१२ मध्ये आलेलं ६५अ हे कुलूप तोडण्याचं कलमही हक्क डावलण्याचा हेतू असेल तरच लागतं. पुस्तक विकून वर "आमच्याच खुर्चीत बसून वाचा" अशी अट घातली तर आपण मानू का? १९९५ मध्ये ॲपलनेच क्लोनचे परवाने दिले होते, धंद्याला मार बसतोय दिसल्यावर १९९७ मध्ये गुंडाळले. हा धंद्याचा हिशोब आहे. नीतीचा मुलामा त्याला देऊ नका.

अक्षरजुळणी
कलम पूर्ण वाचा. प्रत "ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी" असं तिथे स्पष्ट आहे. आणि ती मुभा वापरणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही.

कोथरूडची_एडिटर
कायदा बाजूला ठेवा, माझी गोष्ट ऐका. २०१९ मध्ये मी असंच मशीन एका दुकानातून घेतलं. बिलावर फक्त "असेंबल्ड सीपीयू". क्लायंटला फिल्म द्यायच्या आदल्या रात्री अपडेट दाबलं. काळा पडदा, मधोमध गोल आणि त्यावर आडवी रेघ. दुकानदार म्हणाला, "अपडेट करायचं नाही असं सांगितलं होतं ना?" नव्हतं सांगितलं. रात्री दीडला मैत्रिणीकडे हार्ड डिस्क घेऊन गेले.

नंतर कळलं की मशीनची माहिती उघडली की ॲपलच्या 'आयमॅक प्रो'चं नाव दिसायचं आणि सिरीयल नंबर बनवलेला. मी न घेतलेल्या वस्तूचं नाव माझ्या टेबलावरचं मशीन सांगत होतं! स्वतःसाठी घरी खटपट करणाऱ्याला तो धोका माहीत असतो. मी पैसे मोजले होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेठेतला_पेंग्विन
ताई, हे मान्य. पण यात दोष लपवण्याचा आहे. बिलावर सगळं स्वच्छ लिहून विकलं तर?

कोथरूडची_एडिटर
लिहा की. "हे मशीन कोणत्याही अपडेटनंतर बंद पडू शकतं, सिरीयल नंबर खोटा आहे." एवढं छापून कोण विकेल?

टिळकरोडवाला
ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मीही बिलावर "असेंबल्ड सीपीयू" एवढंच टाकणार होतो. सकाळी गिऱ्हाइकाला फोन करून सगळं सांगितलं. ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय की इंटेलच्या मशीनसाठी टाहो ही मॅकओएसची शेवटची आवृत्ती, तेही सांगितलं. तो म्हणाला, मग विंडोजच टाका. लायसन्स घेऊन टाकतोय. मात्र ॲपलची ती अट जुलमी आहे हे माझं मत कायम आहे, आणि त्यावर पेंग्विनभाऊंशी मी सहमत आहे.