महाडीबीटीची माहिती व्हिडिओतून द्यायला कॉलेजांचं काय अडतं?

सातपुडाकर
महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा म्हटलं की पोरं आधी यूट्यूब उघडतात. तिथे त्यांना भेटतात ‘मुलींना सगळं शिक्षण मोफत!’ असं लाल अक्षरांत ओरडणारे लांबलचक व्हिडिओ, आणि त्यातला निम्मा वेळ ‘चॅनल सबस्क्राइब करा’मध्ये जातो. आता ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय बघा. मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, अभ्यासक्रम व्यावसायिक आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खाजगी अभिमत विद्यापीठाला नाही, होस्टेल-मेसचा खर्च तर नाहीच. एवढं सांगायला दीड मिनिट पुरतं. ते दीड मिनिट संबंधित खात्याने किंवा कॉलेजने का बोलू नये? योजनेगणिक एक छोटा अधिकृत व्हिडिओ काढा, आणि प्रवेश घेतानाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

खिडकी नंबर तीन
एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतो, म्हणून स्पष्टच लिहितो. व्हिडिओ नको. मुदतवाढीशिवाय आमचं एक वर्ष सरत नाही. कागदावर तारीख खोडून नवी लिहिता येते, व्हिडिओ मात्र जुनीच तारीख सांगत गावभर फिरत राहतो. दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी व्हिडिओ दाखवून पोरं माझ्याशी वाद घालतात, ‘सर, यात तर हा दाखला लागत नाही म्हणलंय.’ आणि ‘उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा’ एवढंच हवं असेल तर अख्खा व्हिडिओ पुढे-मागे करत बसायचं? एका पानावर यादी छापा, ऑफिसच्या काचेवर लावा. वाचता येतं की सगळ्यांना.

मावळतीचा वारा
तुमच्या काचेवर असेल हो ताजं पान. आमच्या कॉलेजच्या काचेवरचं इतकं पिवळं पडलंय की त्यावरचं वर्षही दिसत नाही.

धडगावची मास्तरीण
‘वाचता येतं सगळ्यांना’ यावर अडखळले. पोरांना येतं, मान्य. पण दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालतो तो बाप, आणि खर्चाचा निर्णयही त्याचाच. आमच्याकडे घरात पावरी बोलतात, भिली बोलतात. आदिवासी मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, हे बारावीनंतर घरी बसलेल्या किती पोरींच्या घरी पोचलेलं असतं? ते पावरीत कुणी बोलून दाखवलं तर बाप ऐकेल. मराठी परिपत्रक तो कुणाकडून वाचून घेणार? नेट कॅफेवाल्याकडून. आणि तो नोंदणीत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, नि पोरगी दर वेळी पैसे देऊन त्याच्या दारात.

पाचवा सेमिस्टर
मास्तरीणबाईंना +१. फक्त खाली मराठी अक्षरं द्या. वर्गातल्या एका मित्राला ऐकू येत नाही, आणि बसमध्ये तर कुणालाच येत नाही.

निळी पेन
व्हिडिओला विरोध नाही, पण त्यात सांगणार काय? सगळे फॉर्म कसा भरायचा तेवढंच दाखवतात. पुढचं रामायण कुणीच दाखवत नाही. एससीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, राज्याचे ४० टक्के वेगळे. त्या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते. घरच्यांना वाटतं सगळे आपलेच, खर्चून मोकळे होतात. मग कॉलेज फीसाठी तगादा लावतं तेव्हा धावपळ. शिवाय पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, फॉर्मबरोबर पासबुक कुठलंही जोडा. आमच्या भावकीतल्या एका पोराची रक्कम सिम घेताना उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात जाऊन पडली होती. ते खातं आपल्या नावावर आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. माय आधार साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते, बघायला कुणी आधी सांगितलं असतं तर शोधाशोध वाचली असती. व्हिडिओ काढायचाच तर यावर काढा.

सातपुडाकर
निळी पेन, मला हेच म्हणायचंय. खिडकीसाहेब, तारखा व्हिडिओत घालूच नका, त्या काचेवर राहू द्या. पात्रता, कागद, आधारचं खातं आणि अर्ज परत आला तर काय करायचं, एवढंच बोला. वर ठळक शैक्षणिक वर्ष टाका. नवं वर्ष लागलं की जुना काढून टाका.

खिडकी नंबर तीन
‘काढून टाका’ म्हणे. कुणी? डाउनलोड करून पाठवलेला कसा काढणार? मास्तरीणबाईंचा पावरीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तिथे मी गप्प. पण आमच्या शहरातल्या कॉलेजात पोरांना माहिती नाही असं नाही. अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन पडलेला असतो, शेरा इंग्रजीत दोन शब्दांचा, आणि त्याचा अर्थ विचारायला आलेली रांग जिन्यापर्यंत. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, हे ज्याचं त्याचं कागद बघूनच सांगावं लागतं. व्हिडिओ काढायला खर्च करणार असाल तर त्याआधी या टेबलाला आणखी एक माणूस द्या. परीक्षेचे फॉर्मही मीच घेतो.