डेस्कटॉपला नेट कुठलं घ्यावं? फायबर, डोंगल का मोबाईलच?

मंगळवारपेठी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुन्या घरात माडीवर भाड्यानं राहतोय, भिंती हातभर जाड. अकाउंट्सचं काम घरनंच, पुण्याच्या ऑफिसातल्या मशीनवर रिमोटनं टॅली उघडायचं, एंट्र्या मारायच्या, अधनंमधनं स्कॅन केलेली बिलं चढवायची. डेस्कटॉप जुना, वायफाय नाही, म्हणून यूएसबीचं वायफाय पिन लावून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवतोय, पण आकडा टाईप केला की दोन सेकंदानं उमटतोय. कोण म्हणतंय फायबर घे, कोण फाईव्ह-जीचा डबा (सिग्नल टॉवरवरनं घेणारा घरचा राउटर), दुकानदार डोंगल गळ्यात मारायला बघतोय. आणि मालक भिंतीला ड्रिल लावू देणार नाहीत. काय करू?

तांबडापांढरा
भावा आधी फुकटातलं करून बघ की. मोबाईल डेटा केबलनं पीसीला जोड, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच यूएसबी टेदरिंग असतंय ते चालू कर, विंडोजला लॅन जोडल्यासारखंच दिसतंय, मधला वायफायचा टप्पाच गेला. फक्त विंडोजच्या नेट सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन ऑन कर न्हायतर विंडोज अपडेट ओढत बसतंय आणि दिवसाचा दीड जीबी जेवायच्या आत खलास, मग ६४ केबीपीएसवर टॅली सोड, मेल पण उघडत न्हाय. डोंगल अजिबात घेऊ नको, त्यात पण सिमच घालायचं, मग मोबाईलनं काय घोडं मारलंय.

राजारामपुरीचा_वायरमन
साहेब, तुमच्या कामाला स्पीड लागतच नाही. रिमोटला नुसतं स्क्रीनचं चित्र येतंय, २०-३० एमबीपीएस भरपूर झालं. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, तो स्थिर पाहिजे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग चालू करून सोडा, १५, १६, १५ मिलिसेकंद असं आलं तर उत्तम, १५, ९०, २४० असं नाचायला लागलं तर कितीबी मोठा प्लॅन घ्या, आकडा मागनंच उमटणार. टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की मोबाईलचं हेच होतंय, म्हणून शहरात तरी फायबर.

पण पैसे द्यायच्या आधी एक विचारा, फायबर घरात येणार का खांबावरच्या बॉक्सपर्यंतच आणि तिथनं पुढं लॅन केबल? फायबरची एक लाईन अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला लाईट लागत नाही, बॉक्समधल्या स्विचला, म्हणजे लॅन केबली वाटणाऱ्या डब्याला, लागते. गल्लीतली लाईट गेली की स्विच बंद, मग तुमच्याकडं इन्व्हर्टर असून पण नेट नाही. घरात फायबर आलं तर राउटरला १२ व्होल्टचा बारका यूपीएस लावा, काम चालू राहतंय.

ड्रिलचं टेन्शन नको, फायबरची वायर बारीक असते, खिडकीच्या चौकटीतनं येते. तिला घडी तेवढी पाडू नका, मोडली की डब्यावर एलओएसचा लाल दिवा, म्हणजे सिग्नलच गेला. आणि राउटर माडीवरच बसवून घ्या, खाली ठेवलात तर वायफायचा ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतीत मरतोय. तिथनं पीसीला लॅन केबल, तांब्याचीच मागा, सीसीए म्हणून स्वस्तातली देतात ती आतनं ॲल्युमिनियम असते.

पन्हाळकर
शहरात बसून फायबर घ्या म्हणायला काय जातंय. आमच्याकडं पावसाळ्यात फांदी पडली की वायर तुटली, आणि जोडायला माणूस येईल तेव्हा खरं. गच्चीवर फाईव्ह-जीचं आउटडोअर युनिट बसवलंय टॉवरकडं तोंड करून, तिथनं एक वायर घरात. डबा घरातच ठेवून बघितला होता, ३.५ गीगाहर्ट्झचा सिग्नल दगडी भिंतीतनं शिरत न्हाय. पिंग फायबरपेक्षा जास्त येतंय, तरी व्हिडिओ कॉल बिनधास्त चालतोय.

मंगळवारपेठी
तांबडापांढरा भावा लई भारी, टेदरिंगनं सकाळी तर मख्खन चाललं, संध्याकाळी मात्र पिंग परत नाचायला लागलं. मोबाईल पण तापतोय. फायबरवाल्याला फोन केला तर म्हणतोय "फायबरच हाय ओ आमचं", पण शेजाऱ्यांच्या खिडकीत खांबावरनं काळी जाड वायर आलीय आणि राउटर डायरेक्ट तिलाच. हे काय?

राजारामपुरीचा_वायरमन
मग ती लॅनच. टोकाला मोठी प्लास्टिकची पिन आणि आत ८ रंगीत तारा दिसल्या तर शंभर टक्के. फायबरला आधी ओएनटी नाहीतर ओएनयूचा डबा (फायबरमधला प्रकाश लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणारा) लागतो, किंवा तो राउटरमध्येच असतो. त्याच गल्लीत दुसरा ऑपरेटर आहे का बघा, आणि कुणाचंही घ्या, वर्षाचं पॅकेज आधी भरू नका, पहिला एक महिना घ्या आणि लाईट गेल्यावर काय होतंय ते बघा.