अनुभव धागा: इंग्रजीतील प्राण्यांची अनेकवचने आणि त्यांची मुळे

प्राण्यांच्या इंग्रजी नावांची नियमाबाहेरची अनेकवचने शिकताना किंवा शिकवताना ज्यांना त्यांच्या मुळांचा उलगडा झाला, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. (खालचा प्रत्येक परिच्छेद वेगळ्या सदस्याचा अनुभव आहे.)

मी सातवीला इंग्रजी शिकवते. ‘गूज’ (हंसाच्या कुळातला पक्षी) याचे अनेकवचन ‘गीझ’ होते, तर ‘मंगूस’चे ‘मंगीझ’ का होत नाही, असे एखादे मूल विचारतेच आणि तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून मी सांगते, की ‘गूज’ हा इंग्रजीतला अतिशय जुना शब्द आहे. त्याच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात एके काळी ‘इ’ होता, त्या ‘इ’च्या प्रभावाने आधीचा स्वर बदलला, पुढे प्रत्यय गळून पडला आणि बदललेला स्वर तेवढा उरला. ‘माउस’चे ‘माइस’ आणि ‘लाउस’चे (म्हणजे उवेचे) ‘लाइस’ याच वाटेने झाले. ‘मंगूस’ मात्र आपल्या ‘मुंगूस’वरून सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे गेला. तोवर स्वर बदलण्याची ती प्रक्रिया थांबून हजारएक वर्षे लोटली होती, म्हणून त्याचे सरळ ‘मंगूसेस’ झाले. हे ऐकल्यावर मुलांना ती रूपे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

माझा विषय संस्कृत. ‘गूज’ आणि ‘हंस’, ‘माउस’ आणि ‘मूष’ ही सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून आलेली नावे आहेत, हे ठाऊक होते. पण ‘ऑक्स’ म्हणजे बैल, त्याच्या ‘ऑक्सन’ या अनेकवचनाने मला खरा आनंद दिला. बैलासाठी वेदात ‘उक्षन्’ हा नकारान्त, म्हणजे ‘न्’ने संपणारा शब्द आहे, त्याचे अनेकवचन ‘उक्षाणः’. ‘ऑक्स’ त्याच मूळ शब्दापासून आलेला आहे आणि ‘ऑक्सन’मधला ‘न’ हा त्या प्राचीन नकारान्त रूपाचाच अवशेष आहे.

जर्मनीत राहायला आल्यावर ‘टिअर’ म्हणजे कोणताही प्राणी, हे कळले. इंग्रजी ‘डिअर’चाही मूळ अर्थ तोच होता, हरणापुरता तो नंतर आकसला. जुन्या इंग्रजीत ‘डिअर’ आणि ‘शीप’ हे नपुंसकलिंगी होते आणि अशा बऱ्याच शब्दांना अनेकवचनात प्रत्ययच लागत नसे, म्हणून या दोन्हींचे अनेकवचन आजही तेच राहते.

सागरी जीवशास्त्र शिकताना ‘ऑक्टोपस’चे ‘ऑक्टोपाय’ हे अनेकवचन वारंवार कानी पडले. शब्द मुळात ग्रीक, त्याला लॅटिन समजून हे अनेकवचन रूढ झाले. ग्रीक वळणाचे रूप ‘ऑक्टोपोडीझ’ होईल, तरी लिहिताना ‘ऑक्टोपसेस’च वापरावे, असे माझे मत आहे.