शिवणकाम करणाऱ्या बाईनं अरहंतपदाचं ध्येय धरावं, की ते भंतेंसाठी सोडून द्यावं?

काजबटण (चिकोडी तालुका)

जय भीम, नमो बुद्धाय सगळ्यांना.

मी गावात शिवणकाम करते. ब्लाऊज, पिको-फॉल, मे-जूनला शाळेचे ड्रेस, आणि एप्रिल जवळ आला की पंचशील ध्वज. सध्या आमच्या विहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला धम्मवाचनाचा काळ, चालू आहे. संध्याकाळी जेवणं उरकून आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. वाचायला बहुतेक मीच असते, कारण माझी दहावी मराठी शाळेतली. पोरी सगळ्या कन्नड मिडियमच्या. ऐकलेलं सगळं कळतं त्यांना, पण जोडाक्षर आलं की अडतात. 'प्रतीत्यसमुत्पाद'ला मीही अडते, ते सोडा.

तर गेल्या आठवड्यात वाचता वाचता अरहंतावर, म्हणजे सगळ्या विकारांतून पूर्ण सुटलेल्या माणसावर, विषय गेला आणि वाचन राहिलं बाजूलाच. आमच्यातले एक थोरले मामा म्हणाले, "आता कोण होतंय अरहंत? तो काळ गेला. आपण पंचशील पाळावं, दारूपासून लांब राहावं, तेवढंच पुष्कळ." त्यावर कॉलेजचा एक पोरगा उठला. "अरहंत म्हणजे स्वतःपुरतं बघणारा, बोधिसत्त्व म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी झटत बुद्धत्वाकडं जाणारा. आपले बाबासाहेब बोधिसत्त्व, आपण बोधिसत्त्वाचं बघायचं." दोघांची जुंपली. शेवटी सरणत्तयं, म्हणजे त्रिशरण, म्हणून उठलो.

पण मला ते लागून राहिलंय. कारण मी आळत्याच्या धम्मालयात विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करून आलेय. पहाटे चारची घंटा, मौन, पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास, मग अंगावरच्या संवेदना. तेव्हापासून रोज सकाळी तासभर बसते. सांगितल्याप्रमाणे संध्याकाळीही बसायला पाहिजे, पण तेव्हा गिऱ्हाईक असतं. तिथून येताना मनात पक्कं झालं होतं की हा रस्ता शेवटपर्यंत जायचा. मोठ्यानं कुणाला बोलले नाही. घरात म्हटलं असतं तर म्हणाले असते, आधी मशीनला तेल घाल.

आता खरी अडचण सांगते. लग्नाच्या एका ब्लाऊजवरून एक बाई दुकानात येऊन लई बोलली. दंडात घट्ट झाला म्हणून. मापाला दिलेला ब्लाऊज जुना, मधे दोन बाळंतपणं झालेली, मी काय करणार? चार गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोलली. मी गप्प. छातीत गरम झालं ते बघितलं, कानशिलं तापली ती बघितली, श्वास बघितला. मग म्हटलं, "अक्का, आत मार्जिन ठेवलंय, बसा, आत्ता उसवून देते." दिला. ती गेल्यावर शेजारीण म्हणाली, "तू लई बदललीस गं कोर्सवरून आल्यापासून."

आणि रात्री भाकऱ्या थापताना तेच वाक्य घोळतंय डोक्यात. राग आला नव्हता हे खरं. पण राग न आल्याची ऐट आली होती. दुसऱ्या दिवशी कोण येईल आणि कधी बोलेल, म्हणजे मी पुन्हा शांत राहून दाखवीन, असं वाटायला लागलं!

तर सांगा, संसारी बाईनं एवढं मोठं ध्येय धरणं हीच मुळात ऐट आहे का? आणि अरहंत आणि बोधिसत्त्व हे दोन वेगळे रस्ते आहेत काय, की आमच्या विहारातलं भांडण फुकटचं आहे?

—

लेथवाला (उद्यमबाग, बेळगाव)

जय भीम ताई. ताई, तुमच्या विहारातला तो पोरगा बरोबर बोलला असं माझं मत. तुम्ही ज्या ग्रंथाचं वाचन करता त्याच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी चार प्रश्न घातलेत, ते एकदा परत वाचा. चौथा प्रश्न भिक्खूंबद्दल आहे. बुद्धांनी भिक्खू कशासाठी निर्माण केला, परिपूर्ण माणूस घडवायला की लोकांची सेवा करणारा घडवायला? आणि तिथं त्यांनी आडपडदा ठेवलेला नाही. नुसता परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराच्या कामाचा नाही, कारण तो शेवटी स्वार्थी, असं सरळ लिहिलंय. आशा आहे ती समाजसेवक भिक्खूवर.

मी दोन शिफ्टच्या मधे आमच्या वस्तीत पोरांचा अभ्यास घेतो. दहावीची गणितं. डोळे मिटून बसायला मला वेळही नाही आणि खरं सांगायचं तर ओढही नाही. पंचवीस माणसं डोळे मिटून बसलेली आणि बाहेर गटार तुंबलेलं, हे मी बघितलंय. राग येतो. आणि तो राग घालवायचाय कशाला? त्या रागावरच तर अर्ज लिहून होतात.

शिवाय अरहंत व्हायला कुठल्या पायरीवर किती जन्म उरले, सात जन्म, एक जन्म, असले हिशेब आपल्याला कशाला पाहिजेत? तुम्ही ब्लाऊज चांगला शिवता, पोरींना वाचून दाखवता, झालं की तेच.

—

निवृत्त गुरुजी (निपाणी)

लेथवाले दादा, गटाराचा अर्ज लिहा, सही मीही करतो. पण अर्धंच पान वाचून उठू नका. ज्या ग्रंथात तो चौथा प्रश्न आहे, त्याच ग्रंथात बोधिसत्त्वाच्या दहा भूमी, म्हणजे पायऱ्या, दिल्या आहेत: मुदिता, विमला, प्रभाकरी, तिथून थेट धर्ममेघेपर्यंत. आता त्या विमलेत काय आहे? मन स्वच्छ करणं. म्हणजे बाबासाहेबांचा बोधिसत्त्वसुद्धा मनाचं काम टाळून पुढं जात नाही. निब्बाणात जगणं म्हणजे धम्म, हेही तिथंच आहे, आणि निब्बाण म्हणजे मेल्यानंतरची जागा नव्हे, जिवंतपणी विकारांवर ताबा. त्यांची टीका आहे ती स्वतःला धुऊन घरात बसणाऱ्यावर. धुण्यावर नाही.

आमच्या निपाणीत एप्रिल 1925 मध्ये बहिष्कृतांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. पुढं 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली आणि 1 नोव्हेंबरला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. तीन आठवड्यांच्या आत आमचा धम्मही बदलला आणि राज्यही! आमचे वडील म्हणायचे, पहिलं आम्ही केलं, दुसरं आम्हाला केलं. असो, विषय भरकटला. शाळामास्तराची खोड.

आता बाई, तुमचं. "आता कोण होतंय" म्हणणाऱ्या मामांना विचारा, बुद्धांच्या वेळी तरी सगळे चीवरातलेच होते का? वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानं, म्हणजे फिरत्या संन्याशानं, बुद्धांना नेमकं हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं की घरात राहणारे, पांढरी वस्त्रं नेसणारे उपासक आणि उपासिका, वरच्या पायऱ्या गाठलेले, शंभर नाहीत, पाचशे नाहीत, त्याहून पुष्कळ आहेत. विशाखा ही उपासिका लेकरानातवंडांची बाई होती, सोतापन्न, म्हणजे पहिल्या पायरीवरची, होती. मच्छिकासंड गावचा चित्त नावाचा गृहस्थ तर अनागामी, म्हणजे तिसऱ्या पायरीवरचा, आणि भिक्खूंना शंका आली तर तो समजावून सांगायचा.

पायऱ्या चार आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच: सोतापन्न, सकदागामी, अनागामी, अरहंत. सात जन्मांचा हिशेब दादा म्हणतात तसा बाजूला ठेवा, माझंही त्यावाचून अडत नाही. महत्त्वाचं आहे ते काय तुटतं ते. संयोजनं, म्हणजे मनाची बंधनं, दहा आहेत. पहिली तीन: देहमनालाच मी धरणं, धम्माविषयी शंका, आणि कर्मकांडानं सुटका होईल ही समजूत. ती तुटली की सोतापन्न. पुढं कामवासना आणि द्वेष सैल पडतात, मग तुटतात. आणि तुम्ही जिला ऐट म्हणता तो 'मान', तो आठवा. तो अनागामीलाही सुटलेला नसतो! फक्त अरहंताचा सुटतो. तेव्हा ब्लाऊजवाल्या बाईसमोर राग गिळला नाहीत, नुसता बघितलात, आणि मागून मान डोकावला, तर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? तो असणारच.

तुमच्या धंद्यातलीच एक गोष्ट संयुत्तनिकाय या पाली सुत्तांच्या संग्रहात आहे. कोसंबीला थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्खू उतरले होते आणि खेमक नावाचे भिक्खू दुसऱ्या विहारात आजारी पडलेले. थेरांनी दासक नावाच्या भिक्खूला प्रकृती विचारायला पाठवलं. मग प्रश्नावर प्रश्न. पाच स्कंधांत, म्हणजे देहमनाच्या पाच घटकांत, कुठं 'मी' दिसतो का? खेमक म्हणाले, नाही दिसत. मग तुम्ही अरहंत झालात म्हणायचं? खेमक म्हणाले, नाही, 'मी आहे' असं अजून वाटतं, फक्त कशाला 'मी' म्हणावं ते सांगता येत नाही. दासकाच्या फेऱ्या काही संपेनात. शेवटी खेमकच म्हणाले, पुरे झाली ही पळापळ, काठी आणा, मीच येतो. आणि तसल्या दुखण्यात काठी टेकत स्वतः गेले.

तिथं त्यांनी सांगितलं ते असं. मळलेलं कापड परटाकडं दिलं. त्यानं खारी माती, क्षार, शेण लावून चोळलं, स्वच्छ पाण्यात खळबळलं. मळ गेला. पण त्या खाराचा आणि शेणाचा वास कापडाला राहिला. मालक ते सुगंधी पेटीत ठेवतो, तेव्हा हळूहळू तोही जातो. तसं पाच खालची बंधनं तुटली तरी 'मी आहे'चा बारीक वास राहतो, आणि स्कंधांचा उदय-व्यय, म्हणजे उपजणं आणि विरणं, बघत राहिल्यानं तो जातो. हे सांगता सांगता साठ थेर आणि खुद्द खेमक, सगळ्यांचीच चित्तं आस्रवांतून, म्हणजे मनाच्या मळांतून, मुक्त झाली, असं सुत्ताच्या शेवटी आहे. सांगणाराही सांगता सांगताच सुटला. मला हा भाग फार आवडतो.

म्हणून ध्येय धरण्यात ऐट नाही. शेजारणीचं वाक्य रात्रभर चघळण्यात आहे, आणि ते तर तुम्हाला दिसलंच आहे.

—

काजबटण (चिकोडी तालुका)

गुरुजी, हे मी पोरींना वाचून दाखवणार. आमच्याकडं नवं मांजरपाट आणलं की खळीचा वास दोन-तीन धुण्यांत जात नाही, त्यामुळं गोष्ट पटकन लागली.

पण एक विचारते. खेमक आजारी होते, विहार होता, थेर होते. माझ्याकडं दुपारी चार बायका एकदम येतात, एकीला पिको आत्ता पाहिजे, पोराला खाऊ पाहिजे, लाईट गेलेली. सकाळच्या त्या तासातलं काही म्हणजे काही हाताशी राहत नाही.

—

सिस्टर (खानापूर)

अक्का, मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, नाईटला असते. पावसाळ्यात लांबच्या खेड्यातून बाळंतीण येते ती अर्धी भिजलेली, सोबतचे पाचजण एकदम ओरडत असतात. तिथं कसली आनापान, कसलं श्वास बघणं! माझं एवढंच झालंय की आधी भांडण झालं तर मी सकाळी घरी पोहोचेपर्यंत ते डोक्यात चालायचं, आता स्टँडपर्यंत येईपर्यंत संपतं. कधी कधी वॉर्डच्या दारातच.

महानाम शाक्याचं माहीत आहे ना? त्यानं बुद्धांना हेच सांगितलं होतं. तुमच्याजवळ बसून संध्याकाळी कपिलवस्तूत शिरलो की हत्ती, घोडे, गाड्या, माणसं, सगळी गर्दी. बुद्धाची, धम्माची, संघाची आठवणच सुटते, त्या क्षणी मेलो तर माझं काय? बुद्ध म्हणाले, भिऊ नकोस महानाम. ज्याचं मन दीर्घकाळ श्रद्धा, शील, दान, प्रज्ञा यांत मुरलंय त्याचं वाईट होत नाही. राजघराण्यातल्या माणसाची ही गत, मग आपली दुपारची का नसावी?

आणि शेजारणीनं परत कौतुक केलं तर सरळ 'होय गं' म्हणा आणि पुढच्या ब्लाऊजला हात घाला. मनात लांबवू नका.

—

लेथवाला (उद्यमबाग, बेळगाव)

गुरुजी, विमलेचं मान्य, ते पान काढून बघितलं. पण मला अजून वाटतं की तुमचा खेमक काठी घेऊन उठला तोच खरा मुद्दा आहे. दुखण्यात पडून राहिला नाही, चालत गेला लोकांकडं. म्हणजे शेवटी माझंच बरोबर! रागाचं मात्र माझं ठरत नाही. अर्ज लिहिताना कामाला येतो आणि घरी गेल्यावर पोरावर निघतो, हे बायकोनं दाखवलं.

ताई, आमच्या वस्तीतल्या पोरांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मिरवणूक काढायची ठरवलीय. मोठा ध्वज पाहिजे, निळा-पिवळा-लाल-पांढरा-केशरी आणि शेवटचा मिश्र पट्टा, सगळा शिवून, छापील नको. कापड आम्ही आणतो. दर सांगा.

—

काजबटण (चिकोडी तालुका)

दादा, कापड पॉपलीन आणा, टेरीकॉट आणू नका, शिवणीला गोळा होतं. रंग उतरणारं असेल तर आधी भिजवून आणा, नाहीतर लाल पांढऱ्यात जातो. लांबी कळवा, मग शिलाई सांगते.